डिकीतला प्लग पाना

कारखाना गाडीसोबत कोणती अवजारे देतो, त्यावरून त्याने गिऱ्हाइकाकडून काय अपेक्षा धरली आहे ते कळते. १९६० ते १९९० या तीस वर्षांत भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक स्कूटरींच्या डिकीत आणि मोटरसायकलींच्या बाजूच्या डब्यात नळीसारखा एक प्लग पाना, तो फिरवायला आडवी दांडी, एक-दोन दुतोंडी पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर असे. चाकाचे नट वाटेत सोडावे लागतील हे समजण्यासारखे आहे. पंक्चर कोणालाही चुकत नाही. पण इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेला स्पार्क प्लग मालकाने रस्त्याच्या कडेला बसून काढावा, पुसावा, त्याची गॅप पाहावी आणि परत लावावा, ही सोय कारखान्यानेच करून ठेवली होती. गाडीवाले ते करीतही असत, कुरकुर न करता. आज त्या दिवसांची आठवण निघाली की सूर ठरलेला असतो: तेव्हाची माणसे हाताने काम करणारी होती, आताच्या पोरांना प्लग कुठे असतो तेही ठाऊक नाही. हा सूर मला मान्य नाही. मालकाने प्लग साफ करायचा ही रीत मालकाच्या कसबातून जन्मली नव्हती. कारखान्याने, पेट्रोल पंपाने आणि रस्त्याने जे काम अर्धवट सोडले होते ते सरकत सरकत त्याच्या हातात येऊन पडले होते. आणि वरच्यांनी ते जसजसे उचलले तसतशी ही रीत संपली.

हे तपासून पाहायला राजापूर तालुक्यातले नाटे सोयीचे आहे. जैतापूरच्या खाडीच्या उत्तर काठावरचे हे गाव. यशवंतगड इथलाच आणि लगतचे साखरी नाटे म्हणजे मच्छीमारांचे मोठे बंदर. मुंबईहून किनाऱ्याने येणारी बोट खाडीच्या तोंडाशी मुसाकाजीला लागत असे, तोवर या गावांचे तोंड समुद्राकडे होते. बोट बंद झाली, महामार्गाचे महत्त्व वाढले, आणि तालुक्याचे ठिकाण, बाजार, कचेरी, कॉलेज, एसटीचा डेपो हे सगळे आत तीसेक किलोमीटरवर राजापूरला राहिले. कोकणातल्या अशा गावांत दुचाकी आली ती एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी भरून काढायला. नाट्यासारख्या बंदरात त्यामुळे दोन जातींची इंजिने शेजारी शेजारी नांदली. पाण्यावरच्या यांत्रिक होड्या आणि ट्रॉलर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते, तिथे ठिणगी लागत नाही आणि प्लगही नसतो. रस्त्यावरची गाडी पेट्रोलची, तिला ठिणगी हवीच. गाव एक, माणसे तीच, खारी हवा तीच. तरी प्लग पुसण्याची रीत फक्त रस्त्यावर दिसते, पाण्यावर नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी गॅप म्हणजे काय ते नीट मांडायला हवे, कारण भांडण सगळे त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे आहे. प्लगच्या मधोमध चिनी मातीच्या आवरणातून खाली आलेली कांडी आणि तिच्यासमोर वाकलेली पट्टी, यांच्यामधले अंतर म्हणजे गॅप. ते ओलांडून वीज उडी मारते तीच ठिणगी. जुन्या गाड्यांत हे अंतर साधारण ०.६ मिलिमीटर ठेवायला सांगत. अंतर वाढले की उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. कमी झाले की ठिणगी सहज पडते खरी, पण ती इतकी आखूड की मिश्रण धड पेटत नाही, आणि मध्ये काजळीचा एखादा कण अडकला तरी वाट बंद होते. चालत्या गाडीत दर ठिणगीसरशी धातू किंचित झिजतो, म्हणजे गॅप आपोआप वाढतच असते. एरवी हे फार हळू होते, पण जुन्या गाडीकडे वाढलेली गॅप सोसण्याइतकी ताकद नव्हती. फ्लायव्हील मॅग्नेटोची वीज इंजिनाच्या फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. किक मारताना वेग सगळ्यांत कमी, म्हणजे वीजही सगळ्यांत अशक्त, आणि नेमकी तेव्हाच थंड इंजिनाला चांगल्या ठिणगीची गरज. त्यात ती वीज पाठवणारे कॉन्टॅक्ट पॉइंट घासत आणि जळत, त्यांचे स्वतःचे अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास राखावे लागे, ते बिघडले की दोष प्लगच्या माथी. गॅप ०.६ ची ०.८ झाली तर आजच्या गाडीला फारसे कळणार नाही. जुन्या चेतक स्कूटरवाल्याचा मात्र सकाळी किक मारून मारून घाम निघे.

खरा घोळ त्याहून मोठा होता आणि तो इंजिनाच्या जातीत होता. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाने मोटरसायकली बनवायला सुरुवात केली, १९७३ पासून त्या येझदी झाल्या. १९६२ मध्ये फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌सची पोलिश घडणीची राजदूत आली. बजाजने पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटरी काढल्या, तो करार १९७१ मध्ये संपल्यावर चेतक आली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. ही सगळी टू-स्ट्रोक कुळी. मद्रासची बुलेट हा ठळक अपवाद. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी व्यवस्था नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते आणि ते तेल पेट्रोलसोबत जळते. जळते म्हणजे काय, काही जळते, काही धूर होऊन सायलेन्सरमधून जाते आणि उरलेले प्लगवर बसते. तेलाचे प्रमाण गाडीप्रमाणे दोन टक्क्यांपासून पाच टक्क्यांपर्यंत. ते मोजून मिसळायचे कोणी? पंपावरच्या पोऱ्याने. हाताने दांडा मारून माप टाकीत सोडायचे, मग मालकाने गाडी दोन-चारदा हलवायची. माप कमी पडले तर पिस्टन जाम होण्याची धास्ती, म्हणून मालकच म्हणे, थोडे जास्त टाक. ही धास्ती खोटी नव्हती. पिस्टन जाम झाला तर खर्च शेकड्यांत, प्लग काळा पडला तर दहा मिनिटांचे काम. शहाण्या माणसाने काळा प्लग पत्करला, आणि कारखान्याने डिकीत प्लग पाना ठेवून त्याला दुजोरा दिला.

आता याला कोकणचा रस्ता जोडा. प्लगवर बसलेली काजळी प्लग स्वतःच जाळून टाकतो, पण त्यासाठी त्याचे टोक साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. (साडेआठशेच्या पुढे गेले तर उलटे संकट, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागते.) सपाट महामार्गावर एका लयीत चाळीस किलोमीटर धावणारी गाडी ते तापमान सहज गाठते. नाट्याहून बाजारपेठेपर्यंत, बंदरापासून घरापर्यंत, वाडीतून शाळेपर्यंत अशी दोन-तीन किलोमीटरांची धाव घेणाऱ्या गाडीचा प्लग तापायच्या आत प्रवासच संपतो. लांब जायचे तर सड्यावर, म्हणजे उंच पठारावर, चढायचे आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरायचे. चढावर पहिला-दुसरा गिअर, उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून नुसते सोडायचे. उतरताना इंजिन थंडावते आणि जळायचे राहिलेले तेल साचत जाते. उतार संपताना गाडी भुरभुर करून बंद पडली की गाडीवाला म्हणे, प्लग गेला. त्यात जांभ्याची धूळ. चिरेखाणींच्या आणि कच्च्या रस्त्यांच्या भागात ही तांबडी बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये गच्च बसते, हवा कमी येते, मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग आणखी काळा. पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तेव्हा प्लगच्या कॅपमध्ये पाणी शिरून वीज प्लगपर्यंत पोहोचायच्या आधीच हेडवर उतरते. अशा वेळी प्लग निर्दोष असतो, तरी काढून पुसला जाई, आणि गंमत म्हणजे गाडी चालूही होई, कारण कॅप काढून लावताना ती पुसली गेलेली असे. पुष्कळ मालकांचा प्लगवरचा विश्वास अशा चुकीच्या निदानाच्या यशावर पोसलेला होता.

पेट्रोलची शुद्धता हा वेगळाच अध्याय. रेशनवरचे रॉकेल सरकारी अनुदानामुळे पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त होते, आणि दोन्ही एकमेकांत बेमालूम मिसळतात. रेशनचे रॉकेल निळे करून टाकले तरी चोरी थांबली नाही. पंपापासून दूरच्या गावात दुकानाच्या दारात बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलचे तर विचारायलाच नको. रॉकेल पेट्रोलइतके लवकर वाफ होत नाही. थंड टू-स्ट्रोकमध्ये ते अर्धवट जळते आणि त्याचा चिकट थर प्लगवर बसतो. या धंद्याची पाळेमुळे किती खोल होती ते २५ जानेवारी २०११ ला महाराष्ट्राला दिसले. मनमाडजवळ तेलमाफियांवर कारवाई करायला गेलेले अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. सरकारी अधिकाऱ्याला जे झेपले नाही ते गाडीवाल्याला झेपणार नव्हते. त्याच्या हातात उरला तो वायर ब्रश. भेसळीचा दंड तो महिन्यातून दोनदा प्लग काढून भरत होता. शिवाय पेट्रोलमध्ये शिसेही होते. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, टाळण्यासाठी घातलेल्या या शिशाचा थर प्लगच्या चिनी मातीवर बसे, गरम झाल्यावर तो वीज वाहू देई आणि ठिणगी हुकवी. देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले १ फेब्रुवारी २०००ला. म्हणजे चेतक बाजारात आल्यावर जवळजवळ तीन दशकांनी.

पहिला आक्षेप इथेच येईल आणि तो वजनदार आहे. टू-स्ट्रोक काही भारताने शोधले नाही. इटलीतला व्हेस्पावालाही तेल मिसळत होता, प्लग पुसत होता. मग याचा ठपका इथल्या कारखान्यांवर का? उत्तर असे की दोष रीत सुरू होण्यात नाही, ती इतकी वर्षे टिकण्यात आहे. यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब आणले होते: तेलाची वेगळी टाकी आणि ॲक्सिलरेटरच्या प्रमाणात तेल सोडणारा छोटा पंप. इंजिनाला जेवढे हवे तेवढेच तेल, म्हणजे प्लगवरचे संकट निम्म्याहून कमी. हे तंत्र जगात खुले होऊन वीस वर्षे लोटली तरी भारतात बहुतेक गाड्या पंपावरच्या मापावर चालत राहिल्या. ज्या स्कूटरसाठी गिऱ्हाईक कित्येक वर्षे नंबर लावून थांबते, परकीय चलन भरून आधी मिळवण्याची धडपड करते, मिळाल्यावर जास्त भावाने विकूही शकते, त्या स्कूटरचा प्लग काळा पडतो म्हणून कारखान्याने नवा पंप का बसवावा? परवाना पद्धतीत उत्पादनाचा आकडाच सरकार ठरवीत होते. चांगली गाडी काढून जास्त विकण्याची मुभा नव्हती. मालकाचे कष्ट हा त्या गाडीच्या किमतीतला न छापलेला भाग होता. प्लग मात्र मुबलक होते. जर्मनीच्या बॉशची भारतातली कंपनी, मोटर इंडस्ट्रीज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची मायको, १९५१ मध्ये निघाली आणि बंगळुरात प्लग बनवू लागली. हीच कंपनी पुढे नाशिकला डिझेल इंजिनाच्या इंजेक्शनचे भाग बनवू लागली. तिथला मायको सर्कल तिच्याच नावाचा. थोडक्यात, नाट्याच्या रस्त्यावरची ठिणगी आणि बंदरातल्या होडीच्या इंजिनात डिझेल फवारणारे नोझल एकाच कंपनीच्या दोन हातांनी पुरवता येत होते. खेड्यातल्या दुकानात मात्र प्लगचा एखादाच नंबर शिल्लक असे. मायकोच्या जुन्या आकड्यांत १७५ पेक्षा २२५ चा प्लग थंड जातीचा, म्हणजे लवकर उष्णता सोडणारा; नव्या पद्धतीत हेच ७ आणि ५ झाले, क्रम उलटा. दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला प्लग म्हणजे प्लग. थंड जातीचा प्लग लहान धावेच्या गाडीत बसला की आठवड्यात काळा.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा आहे: कोकणी माणूस काटकसरी, वस्तू दुरुस्त करून वापरणारा, मेकॅनिककडे दोन रुपये देण्यापेक्षा स्वतः करणारा. हा स्वभाव आहे की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण रीत स्वभावातून आली असेल तर ती त्या माणसाच्या सगळ्या यंत्रांवर दिसायला हवी. बंदरातल्या होडीच्या डिझेल इंजिनाचे नोझल त्याच काटकसरी माणसांनी काठावर बसून उघडले नाही. ते बिघडले की काढून पंप-नोझलवाल्याकडे पाठवले जाते, कारण त्याची तपासणी यंत्रावर दाब मोजूनच होते. तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी डिझेलमधली हवा काढतील, फिल्टर बदलतील, पट्टा घट्ट करतील, पण नोझलच्या वाटेला जाणार नाहीत. उलट केरळच्या किनाऱ्यावर पाहा. तिथे लहान होड्यांना मागे लावायची आउटबोर्ड इंजिने हजारोंनी आली, टू-स्ट्रोक, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी, आणि त्या होड्यांतून जादा प्लग आणि पाना बरोबर नेणे हा रोजच्या तयारीचा भाग झाला. माणसाचा स्वभाव बदलला नाही, इंजिन बदलले. नाट्याच्या होडीला प्लग नाही म्हणून तिथे रीत नाही. नाट्याच्या मोटरसायकलला होता म्हणून तिथे आली. याला कोणी म्हणेल की बरीच कामे गॅरेजवालाच करीत होता, मालक नुसता उभा राही. हे खरे आहे, मोठ्या गावात वाळूचा झोत मारून प्लग धुणारे यंत्र गॅरेजात असे आणि दाबाखाली ठिणगी पाहायची सोयही. पण गॅरेज होते तिथे, सड्यावर नव्हते. मधल्या रस्त्यावर मेकॅनिक म्हणजे मालकच.

या रीतीतले ज्ञान किती खरे होते, हेही पाहायला हवे, कारण तिचे गुणगान करणारे यावरच भर देतात. काही गोष्टी अस्सल होत्या. फिलर गेज सगळ्यांकडे नसे, पण हॅक्सॉ ब्लेडची जाडी ०.६ मिलिमीटरच्या जवळ असते, त्यामुळे ब्लेडचा तुकडा गॅपमध्ये सरकवून पाहण्याची युक्ती कारखान्याच्या आकड्याला धरूनच होती. बाहेरची पट्टीच वाकवायची, मधल्या कांडीला स्क्रू ड्रायव्हरचा रेटा द्यायचा नाही, नाहीतर चिनी मातीला तडा जातो, हे बऱ्याच जणांना ठाऊक होते. रंगावरून निदान तर खरोखर शास्त्रीय होते. तपकिरी टोक म्हणजे सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. ओले तेलकट काळे म्हणजे तेल जास्त किंवा ठिणगीच नाही. पांढरे पडलेले म्हणजे मिश्रण पातळ आणि इंजिन तापते आहे. पण याच्या बरोबरीने पुष्कळ नुकसानही चाले. पॉलिश पेपरने घासताना त्याचे कण प्लगच्या खोबणीत अडकत आणि इंजिनात जात. वायर ब्रशच्या तारेचा अंश चिनी मातीवर ओढला गेला की वीज त्या रेघेवरून पळे आणि साफ केलेला प्लग आधीपेक्षा वाईट चाले. गरम इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग वारंवार काढला-लावला की आटे जात, मग हेडमध्ये बुश टाकायचा खर्च. सहा महिन्यांत बदलायचा तो प्लग घासून घासून तीन वर्षे चालवण्यात पेट्रोल किती वाया गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नव्या प्लगची किंमत लिटरभर पेट्रोलच्या आगेमागे, आणि ठिणगी हुकणारी गाडी तेवढे पेट्रोल थोड्याच दिवसांत न जाळताच बाहेर टाकते. ही काटकसर म्हणायची की काटकसरीची सवय?

रीत ओसरली कशी, त्याचा क्रमच माझ्या म्हणण्याचा मोठा पुरावा आहे. १९८४ ते १९८६ च्या दरम्यान चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह मोटरसायकली घेऊन आल्या. स्कूटरींत कायनेटिक होंडा आली, सेल्फ स्टार्ट आणि तेलाची वेगळी टाकी घेऊन. १९८५ मधली हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक होती: तेल इंजिनाच्या तळाशी, पेट्रोलशी संबंध नाही. भरा, बंद करा आणि विसरा अशी तिची जाहिरात होती, आणि त्या शेवटच्या शब्दाला गिऱ्हाइकाने किंमत मोजली. याचा अर्थ असा की पर्याय मिळताच मालकाने प्लग पाना खाली ठेवला. ज्या कामात त्याला अभिमान होता असे आपण आज म्हणतो ते काम टाळायला तो जास्त पैसे द्यायला तयार होता. नव्वदीच्या अखेरीस देशात मोटरसायकलींची विक्री स्कूटरींच्या पुढे गेली. पॉइंट जाऊन सीडीआय ही ठिणगीची नवी यंत्रणा आली; त्यात कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज इतक्या झटक्यात सुटते की थोडा मळलेला प्लगही ठिणगी देतो. शिसे गेले. प्रदूषणाचे नियम २०००, २००५, २०१० असे कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून हटले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, आणि मिश्रण किती पातळ ठेवायचे ते सायलेन्सरमधला सेन्सर पाहू लागला. एके काळी प्लगच्या रंगावरून मालक जे ओळखत असे ते आता गाडी स्वतः दर क्षणी ओळखते. यातल्या एकाही पायरीवर माणसाचा आळस कारण ठरला नाही. दर पायरीवर वर कुणीतरी आपले काम उचलले: तेलशुद्धी कारखान्याने शिसे काढले, गाडीच्या कारखान्याने तेल वेगळे केले, नियमाने धुराला मर्यादा घातली.

तरीही काहीतरी गेले, हा तिसरा आक्षेप मी झटकणार नाही. यंत्र उघडून आत काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहण्याची सवय गेली, आणि कोकणातल्या पुष्कळ तरुणांचे मेकॅनिक होणे याच प्लगपासून सुरू झाले होते, आयटीआयच्या वर्गात बसायच्या आधी. पण या सवयीची दुसरी बाजू सांगितली जात नाही. ज्या गाडीचा मालक होण्यासाठी रस्त्याच्या कडेला बसून काळे हात करता येणे आवश्यक होते, ती गाडी गावातल्या अर्ध्या माणसांना मिळणारच नव्हती. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडीतली बाई, म्हातारे गृहस्थ यांच्यासाठी दुचाकी खऱ्या अर्थाने खुली झाली ती बटणावर सुरू होणाऱ्या, प्लगची आठवण न करून देणाऱ्या स्कूटरी आल्यावर. साडी सावरत चेतक तिरकी करून किक मारणे आणि मग प्लग उतरवणे हे अशक्य नव्हते, पण ते करायला लावणारी व्यवस्था कोणाला डोळ्यासमोर ठेवून बनली होती ते स्पष्ट आहे. प्लग पाना हे कसबाचे साधन होते तसे कुंपणही होते. कसब गेल्याची हळहळ करणाऱ्यांनी कुंपण गेल्याचा हिशेबही मांडायला हवा. मला तो फायद्याचाच दिसतो.

मात्र हे काम कायमचे वर गेले असे मानणे घाईचे होईल. गावाकडे कार्बोरेटरच्या जुन्या फोर-स्ट्रोक गाड्या अजून भरपूर आहेत, आणि २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागून आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून ते जाळायला हवा कमी लागते. पण जुना कार्बोरेटर पूर्वीइतकीच हवा देत राहतो आणि मिश्रण पातळ होते. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरच्या आधाराने हे बरेचसे सांभाळून घेते, जुनी घेत नाही. अशा गाडीचा प्लग काढून पाहिला आणि टोक पांढरट दिसले, तर कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलायचा की गॅप पाहायची हा प्रश्न पुन्हा मालकासमोर आणि त्याच्या मेकॅनिकसमोर येतो. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे पडवीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसू शकते, आणि खाडीकाठच्या हवेत ती शक्यता जास्त. इंधन बदलले ते धोरणाने, त्यात साखर कारखान्यांचे हित आहे आणि परकीय चलनाची बचतही. पण जुन्या गाडीला त्या इंधनाशी जुळवून घेण्याचे काम धोरणात कोणाच्याही नावावर लिहिलेले नाही. ०.६ किंवा ०.७ ची गॅप ओळखणारा आणि पांढऱ्या-तपकिरी रंगातला फरक सांगू शकणारा माणूस राजापूरपर्यंतच्या रस्त्यावर आज जितका मिळतो, तितका अजून दहा-पंधरा वर्षे तरी लागणार आहे.